कार्बन नॅनोट्यूब, प्रकाश आणि शरीरातली उपकरणं: वीज कुठून निघते, कुठे अडते?

भौतिक_विश्रामबाग

'बॅटरीशिवाय चालणारा पेसमेकर', 'उन्हावर चालणारा कृत्रिम डोळा' असले मेसेज सध्या फार फिरतायत. सांगलीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे मुलांच्या फोनवरून ते माझ्यापर्यंत येतातच. बहुतेकांत कार्बन नॅनोट्यूबचं नाव असतं. विषय खरा आहे आणि फार मोलाचा आहे. पण मेसेजमध्ये तीन वेगळी कामं, म्हणजे प्रकाश शोषणं, त्यातून वीज काढणं आणि ती पेशी-तारेच्या सांध्यावरून नेणं, एकाच नळीच्या नावावर खपवलेली असतात, म्हणून हा धागा.

आधी नळीबद्दल. कार्बन अणूंची षटकोनी जाळी, एका अणूच्या जाडीचा पत्रा, तो गुंडाळला की एकपदरी नॅनोट्यूब. व्यास साधारण १ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या ऐंशी हजारावा किंवा लाखावा भाग. सुमिओ इजिमा यांनी जपानमध्ये १९९१ साली बहुपदरी नळ्यांचं वर्णन केलं, एकपदरी १९९३ साली सापडल्या. गंमत अशी की पत्रा कोणत्या कोनात गुंडाळला जातो त्यावर नळीचा स्वभाव ठरतो. गुंडाळण्याची दिशा दोन पूर्णांकांनी सांगतात. त्यांच्यातल्या फरकाला ३ ने भाग गेला तर नळी धातूसारखी वागते, नाही गेला तर अर्धवाहक, म्हणजे सिलिकॉनसारखी. मिश्रण जसं तयार होतं त्यात साधारण एक तृतीयांश धातू, दोन तृतीयांश अर्धवाहक. तोच कार्बन, तीच जाळी, फक्त वळणाचा फरक! हे वर्गात सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद होतो.

आता प्रकाश. अर्धवाहक नळी प्रकाश छान शोषते. ६ आणि ५ या जोडीची नळी साधारण ५७० नॅनोमीटरला शोषते आणि पुन्हा ९८०-९९० च्या आसपास, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात. पण शोषणं वेगळं आणि वीज मिळणं वेगळं. प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीला जातो, मागे धन जागा राहते. सिलिकॉनमध्ये ही जोडी खोलीच्या उष्णतेनंच सुटते. नॅनोट्यूबमध्ये ती एकमेकांना घट्ट धरून बसते. तोडायला लागणारी ऊर्जा काही दशांश इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर खोलीच्या तापमानाला उष्णतेकडून मिळते फक्त ०.०२५. म्हणून शेजारी इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ ठेवावा लागतो, प्रयोगांत त्यासाठी साठ कार्बनचे गोळे, सी-६०, वापरतात.

माझं म्हणणं असं की निव्वळ सोलर सेल म्हणून नॅनोट्यूब सिलिकॉनला मागे टाकेल या आशेवर बसू नये. जिवंत पेशी आणि तार यांच्यामधल्या सांध्यावर तिची खरी किंमत कळते. प्रकाशातून वीज करण्याचं काम नील-हरित जीवाणू अब्जावधी वर्षं करतायत. पाणी फोडून इलेक्ट्रॉन काढतात, साखळीतून पुढे ढकलतात. अडचण एकच, ते इलेक्ट्रॉन पेशीच्या आतच खर्च होतात. पेशीभोवतीचं पटल विजेला अडवतं, थोडे झिरपून बाहेर येतात तेवढेच आपल्या हाती.

स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल संस्थेत अर्देमिस बोगोसियन यांच्या गटानं २०२२ साली इथेच हात घातला. एकपदरी नळ्यांवर लायसोझाइम या प्रथिनाचा लेप दिला. हे प्रथिन आपल्या अश्रूंत असतं, अंड्याच्या पांढऱ्या बलकात असतं, आणि त्यावर धन भार असतो. त्या लेपामुळे नळ्या नील-हरित जीवाणूंच्या पेशींत आपसूक शिरल्या. जीवाणू जगले, वाढले, आणि विभागले तेव्हा नळ्या पुढच्या पेशींकडेही गेल्या. उजेडात त्यांच्याकडून मिळणारा प्रवाह नळ्या नसलेल्या जीवाणूंपेक्षा बराच वाढला. जनुकांत काही बदल न करता पेशीला नवा गुण मिळाला आणि तो पुढच्या पिढीत उतरला, यावर मी कितीतरी वेळ विचार करत होतो.

त्याच वर्षी केंब्रिजमध्ये नील-हरित जीवाणूंच्या जोरावर एक लहान मायक्रोप्रोसेसर सहा महिन्यांहून जास्त चालला. ४५ मिनिटं बेरजा, १५ मिनिटं विश्रांती, असं चक्र. उपकरण साध्या पेन्सिल सेलएवढं, त्यात नॅनोट्यूब नव्हत्या. पण त्या प्रोसेसरला लागणारी शक्ती एका मायक्रोवॅटपेक्षाही (वॅटच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही) कमी होती. हा आकडा लक्षात ठेवून पुढे बोलूया.

---

निवृत्त_वाहक

सर, लेख दोनदा वाचला. एसटीत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. छातीत पेसमेकर बसवलेला आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की दहा वर्षांच्या आसपास पुन्हा छोटं ऑपरेशन करून तो बदलावा लागेल. तुमच्या या नळ्यांमुळे ते टळेल का? सरळ सांगा, मन राखायला नको.

---

भौतिक_विश्रामबाग

काका, सरळ सांगतो. तुमच्या पुढच्या बदलापर्यंत नॅनोट्यूबचा पेसमेकर येईल असं धरून चालू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा बदलून घ्या.

पण प्रश्न चांगला आहे, तो मांडून बघू. पेसमेकरला साधारण दहाएक मायक्रोवॅट लागतात. भर उन्हात चौरस सेंटिमीटरवर १०० मिलिवॅट पडतात. समजा त्वचेतून दशांशच आत पोचलं, आणि त्यातलं शंभरातलं एकच वीज झालं. तरी चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोवॅट हातात राहतात. म्हणजे कागदावर पुरून उरतं. स्वित्झर्लंडमध्येच बर्न इथे डुकराच्या त्वचेखाली सोलर सेल ठेवून पेसमेकर चालवून दाखवलेला आहे, तो साध्या सोलर सेलवर, नॅनोट्यूबवर नव्हे.

मग अडतं कुठे? आपण छातीवर सदरा घालतो. रात्री झोपतो. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. हृदयाला यातलं काही चालत नाही, त्यामुळे साठवण लागतेच. आणि सध्याची लिथियम-आयोडिन बॅटरी इतकी भरवशाची आहे की तिच्या जागी नवीन काही बसवायला फार मोठा पुरावा लागेल.

प्रकाशाचा दुसरा वापर मात्र जवळचा वाटतो: वीज पुरवायला नव्हे, इशारा द्यायला. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०२५ साली तांदळाच्या दाण्याहून लहान पेसमेकर दाखवला गेला. तो तात्पुरता आहे, काम झालं की शरीरातच विरघळतो. वीज तो शरीरातल्या द्रवातूनच घेतो, दोन धातूंच्या सेलसारखी. छातीवर चिकटवलेली पट्टी अवरक्त प्रकाशाचा झोत देते, त्या इशाऱ्यावर ठोका पडतो. हृदयाचा दोष घेऊन जन्मलेल्या, ऑपरेशन झालेल्या बाळांसाठी हा विचार सुरू झाला.

---

आनंदा_शिराळा

सर नमस्कार. आमच्याकडं शिराळ्यात पाऊस भरपूर, भात असतो. घराच्या मागं गाईंसाठी अझोलाचा खड्डा केलाय. कृषी खात्याच्या शिबिरात सांगितलं होतं की अझोल्याच्या पानात निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि ते हवेतला नत्र धरतं. तुम्ही म्हणताय ते हेच का? हेच असेल तर त्या खड्ड्यात ह्या नळ्या टाकून गोठ्यातला एक बल्ब तरी लागंल का? लाईट रातची हमखास जाते.

---

भौतिक_विश्रामबाग

आनंदराव, तेच कूळ. अझोल्याच्या पानातल्या पोकळीत राहणारा जीव आणि प्रयोगशाळेतले नील-हरित जीवाणू एकमेकांचे नातलग आहेत. लोझानच्या प्रयोगात वापरलेल्यांपैकी नॉस्टॉक नावाचा जीवाणू तर अझोल्यातल्या शेवाळाच्या फारच जवळचा.

बल्ब मात्र लागणार नाही. ५ वॅटचा बल्ब म्हणजे ५० लाख मायक्रोवॅट. वर केंब्रिजच्या प्रोसेसरचा आकडा दिलाय, त्याच्याशी ताडून पाहा. गोठ्यासाठी छपरावर लहान सोलर पॅनेल आणि बॅटरी हाच मार्ग. जीवाणूंची वीज लहान सेन्सरसाठी आहे, जिथे वर्षानुवर्षं सेल बदलायला माणूस जाऊ शकत नाही तिथे.

आणि कृपा करून कुणी नळ्या विकायला आलं तर त्या खड्ड्यात टाकू नका. तो चारा आहे. गाईच्या पोटात, दुधात काय उतरेल याची खात्री कुणीही तुम्हाला देऊ शकणार नाही.

---

कुपवाड_प्लास्टिक

शेवटच्या वाक्याला जोर देण्यासाठी लिहितोय. कुपवाड एमआयडीसीत प्लास्टिकच्या लाइनवर सुपरवायझर आहे. नॅनोट्यूब ही परदेशी प्रयोगशाळेतली वस्तू आहे असं समजू नका. अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज न साठणाऱ्या प्लास्टिकसाठी आमच्याकडे ती येते, लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्येही घालतात. आमच्याकडे मास्टरबॅचमध्ये, म्हणजे प्लास्टिकमध्ये आधीच मिसळून केलेल्या काळ्या दाण्यांत येते. मोकळी पावडर मी मुद्दाम घेत नाही, कारण ती हवेत उडते आणि कुणाला दिसतही नाही.

अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेनं २०१३ साली सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम आहे. हे किती कमी आहे ते लक्षात घ्या. २००८ साली एडिनबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, ताठ बहुपदरी नळ्या सोडल्या तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉससारखी सूज आणि गाठी दिसल्या. आखूड किंवा गुंता झालेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं बहुपदरी नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराला 'कर्करोग होण्याची शक्यता' या गटात टाकलं, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून वर्गीकरण केलं नाही.

माझ्या पोरांनी रुमाल बांधून हे काम करावं असं मला मान्य नाही. रुमालानं काही होत नाही, फिल्टरचा मास्क लागतो आणि जागेवरच हवा ओढून घेणारा पंखा लागतो. शरीरात बसवायच्या गोष्टी नंतर बघू, आधी बनवणाऱ्याच्या फुप्फुसाचं बघा.

---

नॅनो_एमएस्सी

कोल्हापूरला विद्यापीठात नॅनोसायन्स शिकतेय, घर इस्लामपूरला. कुपवाडच्या दादांचं पूर्ण पटतं. त्यात एवढंच जोडते की सगळ्या नळ्या शरीरात अमर नसतात. २०१० साली असं दाखवलं गेलं की आपल्या पांढऱ्या पेशींतलं एक एन्झाइम, मायलोपेरॉक्सिडेज, एकपदरी नळ्या तोडू शकतं. लांबी, लेप, शुद्धता, यावर सगळं ठरतं. नळ्या तयार करताना लोखंड, कोबाल्ट, निकेल असले धातू उत्प्रेरक म्हणून वापरतात, त्यांचा अंश उरला तर त्रास नळीचा की धातूचा हेही कळत नाही. त्यामुळे 'नॅनोट्यूब सुरक्षित आहे का' हा प्रश्नच अर्धवट. कोणती नळी, कशात बसवलेली, हे विचारायला हवं. फिल्ममध्ये घट्ट बसवलेली नळी आणि द्रावणात सुटी तरंगणारी नळी, यांना एकाच मापानं मोजता येत नाही.

सर, एका मुद्द्यावर मात्र माझं वेगळं मत आहे. तुम्ही प्रकाश शोषण्याचं काम जरा दुय्यम ठरवलंत. शरीराच्या बाबतीत तो गुणच मोठा आहे. रक्त आणि त्वचा दृश्य प्रकाश गिळतात, पण अवरक्ताचा एक पट्टा बऱ्यापैकी आत जाऊ देतात. कोविडमध्ये बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवा. त्यात ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन दिवे असतात आणि दोघांचाही प्रकाश बोटाच्या आरपार जातो. सिलिकॉन ११०० च्या आसपास थांबतो. नळीचा व्यास निवडून आपण त्यापलीकडेही जाऊ शकतो, आणि फिल्म लवचीक राहते. हलत्या, ओल्या, मऊ अवयवावर कडक चिप किती दिवस नीट बसेल?

दुसरं, इलेक्ट्रोड म्हणून. मज्जापेशीला उद्दीपित करायचं तर धातूच्या लहानशा टोकातून फार भार सोडता येत नाही, पाण्याची रासायनिक क्रिया सुरू होते आणि ऊतीला इजा होते. नॅनोट्यूबच्या खडबडीत, सच्छिद्र थरावर तेवढ्याच जागेत पृष्ठफळ कितीतरी जास्त मिळतं, म्हणून तेवढाच भार सुरक्षितपणे देता येतो. तेल अवीवमध्ये याएल हनाइन यांच्या गटानं २०१४ साली याचा फार सुरेख उपयोग केला. नॅनोट्यूबच्या फिल्मवर अर्धवाहक नॅनोदांड्या बसवल्या. प्रकाश दांड्यांनी शोषायचा, भार नळ्यांनी वाहायचा आणि पेशीला द्यायचा. कोंबडीच्या गर्भातला डोळ्याचा पडदा, जो अजून प्रकाशाला प्रतिसाद देण्याच्या वयाचा नव्हता, तो या फिल्मवर ठेवला आणि प्रकाश टाकल्यावर त्याच्या मज्जापेशी जाग्या झाल्या. तार नाही, बॅटरी नाही. मात्र त्या दांड्यांत कॅडमियम होतं, आणि ते विषारी. माणसाच्या डोळ्यात जायचं तर तो प्रश्न आधी सोडवावा लागेल.

---

भौतिक_विश्रामबाग

छान लिहिलंस. अवरक्ताचा मुद्दा मान्य, मजबूत आहे. पण तू दिलेल्या उदाहरणातही प्रकाश दांड्यांनीच शोषला आणि नळी सांध्यावरच राबली, हे बघ.

---

वैशाली_तासगाव

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. वरचं डोळ्याचं वाचून राहवलं नाही. बाबांचं वय ७४. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मध्यभागी त्रास आहे, 'वयामुळे' असं सांगितलं. द्राक्षबागेत आयुष्य गेलं, आता घडाचे मणी दिसत नाहीत, माणसाचा चेहरा ओळखत नाहीत, कडेनं दिसतं. मोतीबिंदू झाला होता तो काढलाय. असं काही उपकरण बाबांसाठी मिळेल का? कुठेही न्यायला तयार आहोत.

---

पडदा_मिरज

वैशालीताई, मी मिरजेत डोळ्यांचा डॉक्टर आहे, पडद्याचंच काम करतो. नीट वाचा.

आधी हे बघा की बाबांचा आजार कोरडा आहे की ओला. दोन्ही वयामुळेच होतात, पण ओल्यामध्ये पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटतात, गळतात, आणि त्याला आज उपचार आहे: डोळ्यात देण्याचं इंजेक्शन. ते वेळेत सुरू झालं तर उरलेली नजर वाचू शकते. कोरडा आजार कधी कधी ओल्यात बदलतो. म्हणून घरी चौकटीच्या कागदावर एकेका डोळ्यानं बघायला सांगा. रेघा वाकड्या दिसायला लागल्या किंवा नजर अचानक उतरली तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. कोणत्याही नव्या उपकरणाची वाट बघत हे लांबवू नका, हात जोडून सांगतो.

आता उपकरण. प्रकाशातून वीज करून पडद्याला देणारी चिप आज माणसांच्या डोळ्यांत बसवून झालेली आहे. तिचं नाव प्रिमा. स्टॅनफर्डच्या डॅनियल पालंकर यांच्या कल्पनेतून आलेली. ती नॅनोट्यूबची नाही, सिलिकॉनची आहे. २ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद, त्यात ३७८ घटक. पडद्याखाली, जिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशी मेल्यात, तिथे ती सरकवतात. रुग्ण खास चष्मा घालतो. चष्म्यातला कॅमेरा समोरचं चित्र घेतो आणि ८८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशानं ते चिपवर टाकतो. प्रत्येक घटक स्वतःपुरती वीज करतो आणि वरच्या जिवंत पेशींना चेतवतो. डोळ्याबाहेर एकही तार येत नाही. २०२५ साली युरोपातल्या ३८ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. वर्ष पूर्ण केलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांना अक्षरं वाचण्यात अर्थपूर्ण सुधारणा झाली.

मर्यादाही सांगायलाच हव्यात. हे कोरड्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी आहे. दिसतं ते काळं-पांढरं, ठिपक्यांचं. झूम करून अक्षर अक्षर वाचायला शिकावं लागतं, काही महिने सराव लागतो. चेहरा पूर्वीसारखा परत दिसेल असं नाही. उद्या मिरजेत बसवून मिळेल असंही नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या विषयातल्या लोकांनी विसरू नये. अर्गस नावाची ६० इलेक्ट्रोडची कृत्रिम पडद्याची यंत्रणा २०१३ साली अमेरिकेत मान्य झाली, जगभर कित्येकांना बसवली, आणि मग कंपनीनं ती बनवणंच थांबवलं. डोळ्यात यंत्र आहे, दुरुस्तीला कुणी नाही, अशी वेळ त्या रुग्णांवर आली. नॅनोट्यूबचं असो वा सिलिकॉनचं, शरीरात जे बसवायचं त्याची वीस वर्षांची जबाबदारी कोण घेणार हे लिहून घेतल्याशिवाय मी माझ्या रुग्णाला हो म्हणणार नाही.

बाबांसाठी आज करण्यासारखं: पडद्याचा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी) जुना असेल तर नवा करा. आणि भिंग, मोठ्या अक्षरांचा फोन, बोलणारं घड्याळ, टेबलावर नेमका पडणारा प्रखर दिवा, ही 'लो व्हिजन'ची साधनं मागा. मोतीबिंदू काढला की काम संपलं असं आपल्याकडे समजतात, त्यामुळे ती कुणी सुचवतच नाही.

---

वैशाली_तासगाव

डॉक्टर, खूप आभार. कागदावर कोरडं लिहिलंय, पण स्कॅन दोन वर्षांपूर्वीचा आहे. याच आठवड्यात करून घेते. दिव्याचं आणि भिंगाचं कुणीच सांगितलं नव्हतं.

---

बारावी_ब

सर, आम्हाला विज्ञान प्रदर्शनासाठी यावर काहीतरी करायचंय. नॅनोट्यूब ऑनलाइन मिळतात असं दिसलं. मागवू का?

---

भौतिक_विश्रामबाग

अजिबात मागवू नका. वर कुपवाडच्या दादांनी का ते लिहिलंय. तोच प्रश्न, पेशीतला इलेक्ट्रॉन तारेत कसा येतो, गाळातल्या जीवाणूंवर सुरक्षितपणे अभ्यासता येतो.

ओढ्याकाठचा काळा गाळ एका काचेच्या बरणीत घ्या, वर चार बोटं पाणी. एक कार्बनचा इलेक्ट्रोड गाळात खोल, दुसरा वर पाण्यात हवेजवळ. टॉर्चच्या जुन्या सेलमधली कार्बनची कांडी चालेल, पण ती मी काढून देईन आणि स्वच्छ घासून उकळून घ्यायची. तिच्याभोवतीची काळी पूड मँगनीज डायऑक्साइड असते. ती राहिली तर तुम्ही जीवाणूंची नव्हे, जुन्या सेलचीच वीज मोजत बसाल. तांब्याची तार कुठेही ओली होता कामा नये, त्याच कारणासाठी.

दुसरी बरणी अगदी तशीच, फक्त गाळ चांगला उकळून घेतलेला. ही दुसरी बरणी नसेल तर प्रयोगाला काही अर्थ नाही. तिसरी काळ्या कागदात गुंडाळा. गाळातल्या जीवाणूंना उजेड लागत नाही. पण वरच्या पाण्यात शेवाळ धरलं तर ते उजेडात ऑक्सिजन सोडतं, आणि वरच्या इलेक्ट्रोडला ऑक्सिजनच हवा असतो. त्यामुळे उघड्या बरणीत दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वेगळे येतात का ते पाहा.

दोन-तीन आठवडे धीर धरा. नुसता व्होल्टमीटर लावून खूश होऊ नका, १००० ओहमचा रोध जोडून त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्ट आला तर शक्ती १० मायक्रोवॅट, म्हणजे वर काकांच्या पेसमेकरला लागते तेवढीच. शनिवारी प्रयोगशाळा उघडी आहे, हातमोजे घेऊन या. आनंदराव, तुमच्या भातखाचरातला डबाभर गाळ मिळाला तर ओढ्याच्या गाळाशी तुलना करता येईल.

---

आनंदा_शिराळा

देतो की. बुधवारी सांगलीला बाजारला येणार आहे, येताना घेऊन येतो. झाकण घट्ट लावून आणू का उघडा?

---

भौतिक_विश्रामबाग

वरपर्यंत पाणी भरून झाकण घट्ट. हवा लागू देऊ नका.